ऑनलाइन साड्या विकते, पण ऑनलाइन व्यवसायावरच्या उताऱ्यात पाचांत एक! (पीएच.डी. प्रवेश आणि इंग्रजी आकलन)

काठपदर

नमस्कार मंडळी. गेली चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी माझी कुंडली. वय ३४, एम.कॉम., ५८ टक्के, मुक्काम इचलकरंजी. सासरी यंत्रमाग आहेत आणि मी सहा वर्षं सुती साड्या ऑनलाइन विकते. फोटो मी काढते, घड्या मी घालते, पार्सलला चिकटपट्टी मी मारते आणि "रंग फोटोत वेगळा दिसत होता" ही बोलणीही मीच खाते. आता पीएच.डी. मनावर घेतलीय. विषयही डोक्यात आहे: यंत्रमागवाल्याचा माल ऑनलाइन बाजारात टिकतो कसा. ज्या सरांकडे करायचं म्हणते ते म्हणाले, विषय उत्तम, आधी नेटचं (म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं) बघा.

म्हणून क्लास लावला. परवा सराव पेपर झाला. इंग्रजी उतारा आला, विषय काय तर करिअर आणि ऑनलाइन व्यवसाय! म्हटलं, चला, आपल्या घरचंच कार्य आहे. गालातल्या गालात हसत सोडवला. निकाल: पाचांत एक. शेजारचा मुलगा एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, आयुष्यात हातरुमालसुद्धा विकला नसेल, त्याला चार.

क्लासचे सर म्हणाले, शब्दसंग्रह वाढवा, रोज इंग्रजी पेपर वाचा. अहो, वाचते. पण मला एकही शब्द अडला नव्हता, हीच तर गंमत आहे. मग चुकलं कुठे? कुणी इस्कटून सांगेल का?

उंडगा

ताई, त्या वनस्पतीवाल्याला तुमच्या दुकानात कामाला ठेवा आणि तुम्ही बागेत बसा. प्रश्न सुटला.

मधली_सुट्टी

आमच्या हिचंही सेम झालं. ती नर्स, उतारा रुग्णसेवेवर, दोन बरोबर. वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

ओवी_८८

काठपदरताई, आधी तुमच्या एका वाक्यावर बोलते, कारण त्यात पैसे आहेत. ३४ म्हणालात ना? जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, वयाची अट ३० आहे, पण महिलांना ५ वर्षांची सूट असते. म्हणजे तुम्ही अजून बसता त्यात. महिना ३७,००० रुपये, पहिली दोन वर्षं. एवढी रक्कम डोळ्यांसमोर ठेवून अभ्यास करा, उत्साह राहतो.

बाकीच्यांसाठी: जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. सर्वांत वर जेआरएफवाले. मग सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश. मग नुसता पीएच.डी. प्रवेश. खालच्या दोन गटांना प्रवेशाच्या वेळी नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के, मुलाखतीचं ३०, आणि प्रवेशापुरता तो निकाल एकच वर्ष चालतो. म्हणून एकेक गुण मोजावा लागतो. पूर्वी "पास झालो ना, बास" असं होतं, ते दिवस गेले.

पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण. दहा घटक आहेत, त्यातला एक आकलनाचा. म्हणजे एका उताऱ्यावर पाच प्रश्न, दहा गुण. सगळ्या पेपरात ज्याचं उत्तर तिथेच समोर छापलेलं असतं असा हा एकमेव घटक, आणि नेमका तिथेच आपण मार खातो.

खडूमास्तर

काठपदर, उतारा टाका. तुम्ही कुठल्या पर्यायावर खूण केली तेही टाका. मला तुमची चुकलेली उत्तरं हवीत, बरोबर नकोत. चौतीस वर्षं उदगीरकडे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आहे, चुकलेल्या उत्तरांवरच घर चाललं.

काठपदर

मास्तर, आभार! शब्दशः टाकत नाही, क्लासचा कागद आहे. मराठीत सार देते. नडलेली वाक्यं तेवढी जशीच्या तशी.

ऑनलाइन बाजार आला तेव्हा सांगितलं गेलं, आता दलाल संपला, कारागीर आणि गिऱ्हाईक समोरासमोर. लेखक म्हणतो, दलाल संपला नाही, त्यानं कपडे बदलले. मग: "विदाउट पेड प्रमोशन, द स्मॉल सेलर इज ऑल बट इनव्हिजिबल." म्हणून विक्रेता जाहिरातीवर खर्च वाढवत नेतो आणि त्यातून "डिमिनिशिंग रिटर्न्स" मिळतात. कंटाळून पुष्कळ जण बाहेर पडतात. काही तज्ज्ञ म्हणतात, विक्रेत्यांना प्रशिक्षण दिलं की सगळं सुरळीत होईल: "धिस व्ह्यू कॅन सेफली बी डिस्काउंटेड." पुढे, ऑनलाइन विक्री हे नवं करिअर आहे असं म्हटलं जातं, पण "फॉर मेनी, इट इज नॉट सो मच अ करिअर ॲज अ सक्सेशन ऑफ टास्क्स."

प्रश्न आणि माझे दिवे:

१. मध्यवर्ती विचार? माझं उत्तर: ऑनलाइन बाजारामुळे छोट्या विक्रेत्याला दूरदूरचं गिऱ्हाईक मिळालं. चूक.
२. जाहिरात न करणारा छोटा विक्रेता कसा असतो? माझं: सगळं असतो, पण अदृश्य नसतो. चूक.
३. प्रशिक्षणाबद्दल लेखकाचं मत? माझं: काही सवलत देऊन मान्य. चूक.
४. विक्रेते बाहेर का पडतात? माझं: परत येणारा माल आणि कमिशन. चूक.
५. लेखकाचा सूर? माझं: निराशावादी. बरोबर. हुश्श.

उंडगा

"सगळं असतो, पण अदृश्य नसतो." हे वाक्य मी व्हिजिटिंग कार्डावर छापणार आहे.

खडूमास्तर

उंडगा, हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

काठपदर, तुमचं इंग्रजी कच्चं नाही. तुम्ही दुकानाचं शटर न पाडता परीक्षेला बसलात. एकेक बघू.

दुसरा प्रश्न. "ऑल" ठाऊक, "बट" ठाऊक, म्हणून "ऑल बट" ठाऊक असणारच, असं वाटतं. नसतं. "ऑल बट" म्हणजे "जवळजवळ". तो विक्रेता जवळजवळ दिसेनासा असतो. आणि याच्या उलट "एनीथिंग बट" म्हणजे "मुळीच नाही". "ही इज एनीथिंग बट रिच", म्हणजे श्रीमंत सोडून काहीही म्हणा त्याला. शब्दसंग्रह वाढवा म्हणणारे लोक मोठमोठ्या शब्दांच्या याद्या पाठ करायला लावतात. परीक्षेत मुलं अडतात ती या चिल्लर शब्दांवर: बट, ओन्ली, हार्डली, अनलेस, ॲट बेस्ट, फार फ्रॉम. नोटा मोजतो आपण, चिल्लर सांडते.

तिसरा. "डिस्काउंट" म्हणजे तुमच्या धंद्यात सूट. एखाद्या मताला "डिस्काउंट" केलं की मात्र ते हिशेबातच धरलं नाही. लेखकानं प्रशिक्षणाचा उपाय सरळ बाजूला सारलाय. तुम्ही त्याला सवलत देऊन मोकळ्या झालात.

चौथ्यात तर तुम्ही "रिटर्न्स" वाचलं आणि तुम्हाला गोण्या दिसल्या असणार.

काठपदर

मास्तर!!! अगदी गोण्याच दिसल्या. आमच्यात रिटर्न म्हणजे आरटीओ, "रिटर्न टु ओरिजिन", परत आलेलं पार्सल. "डिमिनिशिंग रिटर्न्स" वाचून मी मनात म्हटलं, अरे वा, माल परत येणं कमी झालं, नशीबवान आहेत. मग बाहेर का पडतायत? काहीतरी कमिशनचंच असणार. झालं, लावली खूण.

शून्य_शिल्लक

ताई, तुम्ही एम.कॉम. ना? अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम शिकला असाल की. शेतात मजूर वाढवत गेलं तरी पीक त्या मानानं वाढत नाही, तोच.

काठपदर

शिकले, परीक्षेत लिहिलाही, बहुतेक दहा मार्कांना. पण तेव्हा परतावा म्हणजे पुस्तकातला परतावा होता. आता परतावा म्हणजे दारात पडलेली गोणी. काय करणार.

बर्फातला_कोकणी

काठपदर, तुमच्या दुखण्याला आमच्याकडे नाव आहे: "नॉट गिव्हन".

मी सध्या जर्मनीत, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात. यायच्या आधी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. तिच्या वाचनाच्या पेपरात ६० मिनिटं, ३ उतारे, ४० प्रश्न. त्यात एक खास प्रकार असतो: एक विधान देतात आणि विचारतात, बरोबर, चूक की उताऱ्यात दिलेलंच नाही? पहिल्या दोन्हींत सगळे पास. तिसऱ्यात भले भले आपटतात.

मी मालवणचा, आजोबा रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जायचे. सरावाला एक उतारा आला किनाऱ्यावरच्या मासेमारीवर. विधान होतं की यांत्रिक बोटींमुळे लहान मच्छीमारांची पकड घटली. मी डोळे मिटून "बरोबर" लिहिलं. पर्ससीनवाल्यांनी (मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटीवाल्यांनी) काय केलंय ते आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. उत्तर होतं, दिलेलंच नाही. उताऱ्यात फक्त बोटींची लांबी आणि जाळ्यांचे प्रकार होते. मी दोन दिवस त्या पुस्तकाशी भांडलो. नंतर कळलं, पुस्तक मासेमारीबद्दल विचारतच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीनं ओळीचा आकडा टाकायचो. कुठल्या ओळीत आहे हे? आकडा टाकता आला नाही की समजायचं, हे आपल्या पोटातून आलंय.

नेटमध्ये असा वेगळा प्रकार नसतो, पण पर्यायांत तो लपवलेला असतोच. चारांतला एक पर्याय जगात खरा आणि उताऱ्यात गैरहजर. तुमचा "परत येणारा माल आणि कमिशन" तोच.

शून्य_शिल्लक

मला एक कळत नाही. उतारा लिहिणाऱ्याचीच माहिती जुनी किंवा अर्धवट असली तर? मी ऑनलाइन विक्रेत्यांचे जीएसटी भरतो, सांगलीत. परवाच एका सराव संचात वाचलं की बाजार चालवणाऱ्या कंपन्या विक्रेत्याच्या बिलातून १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच कापून घेतलेला कर) कापतात. अहो, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. दुसऱ्या उताऱ्यात होतं की परदेशी पैशावर चालणारा बाजार स्वतःचा माल साठवून विकतो. भारतात त्याला परवानगी नाही. सरकारची २०१८ ची प्रेस नोट २ आहे, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू, माल साठवणाऱ्या नमुन्यात थेट परदेशी गुंतवणूक चालत नाही. आता मी खरं उत्तर लिहू की खोटं?

खडूमास्तर

शून्य_शिल्लक, न्यायाधीशानं खून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असला, तरी निकाल समोर आलेल्या पुराव्यावरच द्यावा लागतो. उतारा म्हणजे तेवढाच पुरावा. तो म्हणतो १ टक्का, तर पाच प्रश्नांपुरता १ टक्का. बाहेर पडल्यावर अर्धा करा आणि संपादकाला पत्र लिहा.

शून्य_शिल्लक

माझ्या धंद्यात असं वागलो तर नोटीस येईल. पण मुद्दा समजला.

ओवी_८८

मास्तर, "नॉट सो मच... ॲज" वर बोला ना. माझ्या विद्यार्थ्यांना हे हमखास चुकतं. "इतकं करिअर नाही, जितकी कामं" असं काहीतरी तोडकंमोडकं भाषांतर करतात आणि मग दोन्ही थोडं थोडं आहे असं समजतात.

खडूमास्तर

"करिअर कसलं, एकामागून एक कामं नुसती." बस. मराठीत "कसलं" या एका शब्दानं ते झालं. पहिलं नाकारलं, दुसरं ठेवलं.

आता मूळ रोगावर येतो. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं. आपण सगळं सामान गोळा करत जातो आणि शेवटी गाठ मारतो. इंग्रजीत गाठ आधीच मारलेली असते आणि सामान मागून येत राहतं, "व्हिच", "हूज", "दॅट" असे हुक लावून. मराठी माध्यमातून आलेला मुलगा वाक्याच्या शेवटापर्यंत गाठीची वाट बघतो. ती केव्हाच मागे पडलेली असते. मग तो पुन्हा पहिल्यापासून वाचतो. वेळ तिथे जातो.

उपाय आपल्याच भाषेत आहे: जो-तो. एक वाक्य घ्या: "द सेलर हूज प्रॉफिट द प्लॅटफॉर्म हॅड ऑलरेडी ईटन इंटू वॉज टोल्ड टु ॲडव्हर्टाइज मोर." इथे "ईटन इंटू वॉज टोल्ड" ही क्रियापदांची गर्दी बघून घाम फुटतो. आता म्हणा: ज्या विक्रेत्याचा नफा प्लॅटफॉर्मनं आधीच कुरतडला होता, त्यालाच सांगितलं की जाहिरात वाढव. "हूज" दिसलं की "ज्याचा-त्याचा". "ऑल्दो" दिसलं की "जरी-तरी", आणि "तरी" कुठे बसतं ते शोधायचं, कारण लेखकाचं मत "तरी"च्या बाजूला असतं, "जरी"च्या नव्हे. मी वर्गात मुलांना कागदाच्या कडेला नुसतं ज आणि त लिहायला लावायचो. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, ही कसली सांकेतिक लिपी? म्हटलं, इंग्रजी शिकवतोय.

मधली_सुट्टी

हे आमच्या हिला दाखवलं. "जरी-तरी" वाचून म्हणाली, दहावीत कुणी सांगितलं असतं तर. मास्तर, साष्टांग.

लाल_पेन

मला एक वेगळाच प्रश्न पडलाय, राग मानू नका. इचलकरंजीच्या मागावर, मराठी आणि कानडी बोलणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेऊन जी बाई प्रबंध लिहिणार, तिला "ऑल बट" येत नाही म्हणून दारात अडवायचं? पात्रता कशाची तपासताय? हा सरळ गाळणीचा खेळ आहे. गाव आणि मराठी शाळा गाळायची गाळणी.

ओवी_८८

लाल_पेन, अर्धं मान्य. नेटचा पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदी दोन्हीत असतो, मराठीत नसतो, हे खुपतंच. काही जण सांगतात, हिंदी उतारा वाचा, सोपा जातो. मी करून पाहिलंय. "प्लॅटफॉर्म"चा "मंच" होतो आणि "डिमिनिशिंग रिटर्न्स"चं "ह्रासमान प्रतिफल". आता हे कुणाला सोपं? शिवाय दोन्हींत फरक पडला तर इंग्रजीच प्रमाण. माझा वापर एवढाच: इंग्रजीच वाचायचं, एखादं वाक्य फारच फिरवाफिरवी करायला लागलं की तेवढंच हिंदीत डोकावून यायचं.

पण उरलेलं अर्धं मान्य नाही. काठपदरताईंना जे आधी वाचावं लागणार आहे, छोट्या विक्रेत्यांवर, प्लॅटफॉर्मवर, कंत्राटी कामावर जगभर जे लिहून झालंय, ते इंग्रजीत आहे. प्रबंध कुठल्या भाषेत लिहायचा ते नंतर बघू. वाचन टळत नाही. आणि तिथे "धिस व्ह्यू कॅन सेफली बी डिस्काउंटेड" हे सवलत म्हणून वाचलं, तर अख्ख्या प्रकरणाचा अर्थ उलटा होईल.

लाल_पेन

ते पटतंय. पण मग ते शिकवायला हवं, त्यावर गाळायला नको. असो. माझा राग तुमच्यावर नाही.

खडूमास्तर

लाल_पेन, तुमचा राग मला चौतीस वर्षं येत होता. फक्त त्या रागानं कुणाचे मार्क वाढले नाहीत, म्हणून ज आणि त.

उंडगा

अवांतर: "करिअर" हा शब्द आला कुठून? माझ्या वडलांनी तो माझ्यावर एवढा फेकून मारलाय की मूळ गाव तरी कळावं.

खडूमास्तर

अवांतर कसलं, परीक्षेच्या कामाचं आहे. लॅटिनमध्ये "कार्रुस" म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून फ्रेंचमध्ये रस्ता, शर्यतीचं मैदान. माणसाच्या आयुष्यातल्या कामकाजाचा रस्ता हा अर्थ फार नंतरचा. आणि इंग्रजीत "टु करिअर" असं क्रियापद अजून आहे: ताबा सुटून भरधाव जाणं. "द कंपनी करिअर्ड टुवर्ड्स बँकरप्टसी" म्हणजे कंपनी दिवाळखोरीकडे सुसाट निघाली. माझ्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, कंपनीनं दिवाळखोरीत करिअर केलं. मी अर्धा मार्क दिला, कारण अर्थ अगदीच खोटा नव्हता.

उंडगा

म्हणजे मी ताबा सुटून भरधाव जातोय, हेच माझं करिअर. वडलांना कळवतो.

ओवी_८८

"सक्सेशन ऑफ टास्क्स" वर मला मात्र हसू आलं नाही. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतेय. नेट आहे, पीएच.डी. आहे. जूनमध्ये मुलाखत, मार्चअखेर घरी, तासाला पैसे आणि तेही केव्हा मिळतील तेव्हा. ऑनलाइन विक्रेत्यांवर लिहिलेलं ते वाक्य वाचताना वाटलं, कुणी माझं हजेरीपत्रक पाहून लिहिलं की काय. हाही काठपदरताईंचाच रोग, मला माहीत आहे. उताऱ्यात स्वतःला बघायचं.

पण या विषयाच्या उताऱ्यांत एक शब्द येतो तो सांगून ठेवते: "प्रोटियन करिअर". डग्लस हॉल या अभ्यासकानं १९७६ मध्ये मांडलेली कल्पना. कंपनी तुमचा मार्ग ठरवत नाही, तुम्ही स्वतः ठरवता आणि रूप बदलत राहता. प्रोटियस हा ग्रीकांचा समुद्रदेव, पकडायला गेलं की रूप बदलणारा. मी वर्गात "बहुरूपी करिअर" म्हणते. मुलं लगेच हसतात आणि विसरत नाहीत. हॉलच्या मांडणीत हे कौतुकाचं आहे. आपला बहुरूपी मात्र दारोदार फिरतो आणि शेवटी सुपातलं मागतो. दोन्ही लक्षात ठेवा, पण खूण करताना हॉलचंच.

बर्फातला_कोकणी

ओवी, "बहुरूपी करिअर" झकास! इथे माझं कंत्राट दर वर्षी नव्यानं होतं. आज बहुरूपी, उद्या बहुधा जोकर.

काठपदर

ओवी, तुमचं वाचून गप्प झाले. मी ज्यासाठी धडपडतेय त्याच्या पलीकडच्या काठावर तुम्ही उभ्या आहात, आणि तिथून हात हलवताय की थांब म्हणताय ते कळेना.

ओवी_८८

हात हलवतेय. तुमच्याकडे साड्या आहेत. माझ्याकडे फक्त तासिका होत्या.

शून्य_शिल्लक

वेळेचं गणित कुणी केलं का? दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, १८० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. उताऱ्याच्या पाच प्रश्नांना सहा मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा कोरं काही सोडायचं नाही. माझा पुतण्या प्रश्न आधी वाचतो आणि उतारा नंतर. बरोबर आहे का ते?

खडूमास्तर

प्रश्न आधी वाचावेत, पर्याय वाचू नयेत. चार पर्यायांतले तीन खोटे असतात. खोटं आधी डोक्यात घालून मग खरं शोधायला का निघायचं? आणि सहाची दहा मिनिटं झाली तरी बिघडत नाही. दुसरीकडे वीस सेकंदांत सुटणारे प्रश्न असतात. घड्याळ सगळ्या प्रश्नांना सारखं वाटायचं नसतं.

अजून चार शब्द लिहून ठेवा, तुमच्या पुढच्या उताऱ्यांसाठी. "द ऑथर क्वालिफाइज द क्लेम": पात्र ठरवलं नाही, दाव्याला मर्यादा घातली. "अ प्युअरली ॲकॅडमिक क्वेश्चन": विद्यापीठाचा संबंध नाही, व्यवहारात काडीचा उपयोग नसलेला प्रश्न. "सँक्शन": मंजुरीही आणि निर्बंधही, मागचंपुढचं पाहून ठरवा. "ओव्हरसाइट": देखरेखही आणि नजरचूकही. आमच्या तपासनीसांना दोन्ही अर्थांनी लागू पडायचा.

काठपदर

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतेय.

कागदाच्या कडेला ज आणि त लिहिते, कोकणीभाऊंचे ओळींचे आकडे टाकते. रात्री पार्सलं बांधून झाली की एक उतारा. सुरुवातीला एकाला पंचवीस मिनिटं लागायची, आता बारा-तेरा. कालच्या सराव पेपरात पाचांत तीन. उतारा घरून काम करण्यावर होता, मी घरूनच काम करते, तरी ब्र काढला नाही. एक चुकला तो "हार्डली"नं. दुसऱ्यात दोन पर्याय सारखेच वाटले.

आणि पहिला उतारा परत काढून बसले. मास्तर, एक कबुली द्यायचीय. इथे टाकताना त्याचं शेवटचं वाक्य मी गाळलं होतं. सोपं होतं म्हणून. अर्थ असा: तरीही दर वर्षी नवे विक्रेते येतच राहतात, आणि ते सगळेच भोळे नसतात, त्यांना या बाजारात काहीतरी दिसलेलं असतं.

खडूमास्तर

हे वाक्य होतं आणि तुम्ही गाळलंत? मग पाचव्या प्रश्नाचे चारही पर्याय सांगा.

काठपदर

निराशावादी, उत्साही, चिकित्सक, तटस्थ. उत्तरपत्रिकेत निराशावादी. मीही तेच लिहिलं होतं.

खडूमास्तर

मग तुमचा जो एक बरोबर आला होता, तोच मला पटत नाही.

ज्याला सगळं काळंच दिसतं तो "सगळेच भोळे नसतात" असं लिहीत नाही. त्यानं दलालाचं नवं रूप दाखवलं, प्रशिक्षणाची मात्रा नाकारली आणि शेवटी "तरीही" म्हणून दुसरी बाजू मांडली. तो चिकित्सक आहे. निराश तुम्ही होतात. त्या आठवड्यात किती पार्सलं परत आली होती?

काठपदर

एकोणीस. सणाचा माल होता.

म्हणजे पाचांत शून्य.

उंडगा

आता क्लासकडे जाऊन एक मार्क परत द्या. रिटर्न.

ओवी_८८

क्लासच्या सरांना नक्की सांगा, उत्तरपत्रिका त्यांची चुकलीय. खऱ्या परीक्षेत तात्पुरती उत्तरतालिका लागते तेव्हा हरकत घेता येते, एका प्रश्नाला २०० रुपये. आणि हरकत घेताना लिहायचं काय, तर ओळीचा आकडा.

काठपदर

सांगितलं. ते म्हणाले, बघतो. आज "हार्डली हॅड द सेल बिगन व्हेन द साइट क्रॅश्ड" यावर अडलेय. सेल सुरूच झाला नाही, असंच ना?

खडूमास्तर

झाला. सुरू होतो न होतो तोच साइट बसली. "हार्डली... व्हेन" म्हणजे आपलं "न... तोच". ज आणि तच्या खाली लिहून ठेवा.